नायजेरियाच्या वीस नायराच्या नोटेवर मडकं घडवणारी बाई कोण?

शलाका_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. मी शाळेत चित्रकला शिकवते. माझा मामेभाऊ लागोसला नोकरीला असतो. सुट्टीत येताना त्याने मुलांना दाखवायला तिकडच्या काही नोटा आणल्या. त्यातल्या वीस नायराच्या हिरव्या नोटेच्या मागच्या बाजूला एक बाई मोठ्या मडक्यावर काम करताना दिसते. भावाला एवढंच माहीत होतं की तिचं नाव लाडी क्वाली आणि ती कुंभारीण होती.

आठवीच्या मुलांना मातीकाम शिकवायचंय, तेव्हा तिची गोष्ट सांगावी म्हणतेय. पण नेटवर जिथे तिथे "मायकल कार्ड्यू या इंग्रज कुंभाराने शोधलेली" असं वाचायला मिळतं. मग तिला शिकवलं कुणी, त्यानेच का? ती स्वतः शिक्षिका होती असंही एका ठिकाणी दिसलं, म्हणजे कुठे शिकवायची? आणि चाक न वापरता एवढं गोल, एवढं मोठं मडकं होतं कसं? कुणी जाणकार असेल तर सविस्तर लिहा.

मृण्मयी_पुणे

शलाकाताई, मी स्टुडिओ पॉटरी करते, तीही हातानेच. चाक मी जवळजवळ सोडून दिलंय आणि त्याला कारण लाडीबाई. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

लाडीबाईंचा जन्म १९२५ च्या सुमारास क्वाली गावात झाला. हा उत्तर-मध्य नायजेरियातला ग्वारी लोकांचा मुलूख. तिथे मडकी घडवणं हे बायकांचं काम. पाण्याचे मोठे घडे, स्वयंपाकाची भांडी, धान्याचे रांजण, सगळं बायकांच्या हातचं. घरातल्या एका वडीलधाऱ्या नातलग बाईच्या हाताखाली त्या लहानपणीच हे काम शिकल्या. पुढे त्यांच्या धाकट्या भावाने आठवण सांगितली आहे की बहिणीची मडकी बाजारात पोचायच्या आधीच विकली जायची. तुमच्या "शिकवलं कुणी" या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. नाव न राहिलेल्या त्या ग्वारी बाईने शिकवलं.

आता कार्ड्यूसाहेबांकडे येऊ. हे इंग्लंडमधले नामवंत स्टुडिओ कुंभार, बर्नार्ड लीच यांचे शिष्य. १९५० मध्ये ते नायजेरियात फिरत असताना अबुजाच्या अमीरांच्या वाड्यात त्यांनी काही घडे पाहिले. ते लाडीबाईंचे होते. म्हणजे त्या भागाच्या राजघराण्याने त्यांचं काम आधीच निवडून घरात ठेवलं होतं. "शोधलं" हा शब्द मला म्हणूनच पटत नाही. ज्यांच्यासाठी मडकी बनत होती त्यांना ती बाई चांगली ठाऊक होती. पुढे कार्ड्यू वसाहत सरकारचे कुंभारकामाचे अधिकारी झाले आणि १९५२ मध्ये अबुजात प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. तिथे शिकायला सगळे पुरुष. चाकावर काम, लाकडाची मोठी भट्टी, ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा मुलामा), कप, किटल्या, झाकणाची भांडी. लाडीबाई तिथे गेल्या डिसेंबर १९५४ मध्ये, केंद्रातली पहिली स्त्री म्हणून. तोवर त्यांची वीसेक वर्षं मातीत गेली होती, हे मुलांना जरूर सांगा. केंद्रात त्या चाक शिकल्या, ग्लेझ शिकल्या, वाडगे-बश्याही केल्या. पण ज्या घड्यांसाठी जग त्यांना ओळखतं ते त्या गावच्याच पद्धतीने करत राहिल्या.

ती पद्धत अशी. चाकावर मडकं फिरतं आणि कुंभार बसलेला असतो. इथे मडकं जागेवर आणि बाई त्याच्याभोवती फिरते. मातीचा गोळा एका पसरट बुडावर ठेवायचा, मुठीने मधोमध खड्डा करायचा आणि तळातून माती वर ओढत भिंत उभी करायची. मग तळहातांत माती वळून जाड वळी करायची, ती काठाच्या आतल्या बाजूने लावायची, बोटांनी चेपून खालच्या मातीत मिसळायची आणि पुन्हा वर ओढायचं. हे सगळं कमरेत वाकून, घड्याभोवती उलट्या पावलांनी चालत. त्यांच्या कामाचं जुनं चित्रीकरण आहे. मी ते पुन्हा पुन्हा पाहिलंय ते फक्त पावलांसाठी. पाऊल आणि हात एका लयीत असतात, आणि घड्याची गोलाई त्या लयीतून येते. मध्येच थांबून मोजणं नाही, दोरी लावणं नाही. भिंत थोडी आवळली, म्हणजे सुकून घट्ट झाली, की पट्टीने आतून-बाहेरून खरवडायची. मग सगळ्यात शेवटी गळा आणि काठ.

नक्षी माती ओली असतानाच. टोकदार काडीने रेघा कोरायच्या आणि खाचा पाडलेली बारीक गुंडाळी पृष्ठभागावर फिरवून पट्टे उठवायचे. त्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत सरडे, साप, मगरी, विंचू, पक्षी, मासे. हे प्राणी नुसते हौसेने काढलेले नाहीत, ग्वारी घड्यांवर ते पूर्वीपासून असतात. लाडीबाईंचं वेगळेपण मांडणीत आहे. घड्याच्या फुगीर भागावर प्राणी असा बसतो की घडा फिरवल्याशिवाय तो पूर्ण दिसत नाही. केंद्रात आल्यावर त्या कोरलेल्या रेघांत पांढरी माती भरू लागल्या आणि वरून ग्लेझ. भट्टीतून निघाल्यावर गडद अंगावर फिकट रेघांचे सरडे-मगरी उमटतात. २०२२ मध्ये मुलीकडे इंग्लंडला गेले होते, तेव्हा यॉर्कच्या कलादालनात "बॉडी व्हेसल क्ले" नावाचं प्रदर्शन होतं, कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मातीकामावरचं. सुरुवातच लाडीबाईंपासून. मी त्यांच्या घड्यापुढे खाली बसून बुडाकडून वर पाहिलं. हातावर घडवलेल्या घड्याची रेषा किंचित श्वास घेतल्यासारखी हलते, चाकावरच्या घड्याला ते कधीच येत नाही.

पुढचा प्रवास भराभर सांगते. लंडनच्या बर्कली गॅलरीत अबुजाच्या भांड्यांची प्रदर्शनं भरली, १९५८, १९५९ आणि १९६२ मध्ये. १९६१ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये प्रात्यक्षिकं दिली, नंतर फ्रान्स-जर्मनीत, आणि १९७२ मध्ये कार्ड्यूंबरोबर अमेरिकेचा दौरा केला. १९६३ मध्ये ब्रिटिश सरकारचा एम.बी.ई. किताब, १९७७ मध्ये झारियाच्या अहमदू बेलो विद्यापीठाची मानद डॉक्टरेट, १९८० मध्ये नायजेरियाचा राष्ट्रीय गुणवत्ता सन्मान. १२ ऑगस्ट १९८४ रोजी मिन्ना इथे त्यांचं निधन झालं. ते केंद्रही पुढे त्यांच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. नोट मात्र बरीच नंतरची, २००७ ची. पुढच्या बाजूला एकेकाळचे राष्ट्रप्रमुख जनरल मुर्तला मुहम्मद आणि मागे लाडीबाई.

शिक्षिका म्हणून सांगायचं तर, ज्या बाईने कलाशाळेची पायरी चढली नव्हती तिने अहमदू बेलो विद्यापीठात अर्धवेळ शिकवलं. आणि केंद्रात आलेल्या ग्वारी बायकांची एक फळी त्यांच्या मागून उभी राहिली. पण त्यांच्या शिकवण्याचा सगळ्यात ठळक पुरावा एका केनियन मुलीच्या हातात आहे. तिच्याबद्दल वेगळं लिहिते, हा प्रतिसाद आधीच मोठा झालाय.

काडुना_रिटर्न

मृण्मयीताई, फार छान लिहिलंत. एक भर घालतो, कारण यात लोक हमखास गोंधळतात. मी टेक्सटाइल इंजिनियर, १९७० च्या दशकाच्या शेवटी उत्तर नायजेरियात काडुनाच्या एका गिरणीत होतो. तेव्हा तिकडे गिरण्यांत आणि शाळांत आपली बरीच माणसं होती.

लाडी क्वालींचं अबुजा म्हणजे आजची राजधानी अबुजा नव्हे. १९७६ मध्ये नवी राजधानी बांधायचं ठरलं तेव्हा नाव जुन्या गावाचं घेतलं आणि जुन्या गावाला सुलेजा म्हणू लागले, तिथल्या अमीर सुलेमान बरावांच्या नावावरून. हे तेच अमीर, ज्यांच्या वाड्यात घडे होते. कुंभारकाम केंद्र सुलेजात. क्वाली गाव मात्र आता राजधानीच्या हद्दीत येतं. त्यामुळे नकाशा दाखवणार असाल तर दोन्ही ठिकाणं दाखवा.

आमच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात असाच एक ग्वारी घडा होता, बाजारातून घेतलेला, साधा, बिनाग्लेझचा. डिसेंबर-जानेवारीत सहारातून हरमॅटनचा कोरडा वारा येतो, हवेत धूळ, ओठ फुटतात. त्या दिवसांत त्या घड्यातलं पाणी इतकं गार व्हायचं की दात शिवशिवायचे. बाहेरून हात लावला तर कोरलेल्या रेघांत ओल जाणवायची.

अभिजीत_७

माहिती उत्तम. पण एक शंका आदरपूर्वक. कार्ड्यू नसते तर लाडी क्वाली क्वालीतच राहिल्या असत्या, लंडनही नाही, नोटही नाही. मग "शोधलं" म्हटलं तर एवढं काय बिघडलं? श्रेय द्यायला हात आखडता का?

मृण्मयी_पुणे

अभिजीत, श्रेय द्यायचंच आहे, फक्त ज्याचं त्याला. कार्ड्यूंनी भट्टी दिली, ग्लेझ दिलं, लंडनची दारं उघडली आणि स्वतःची कित्येक वर्षं त्या केंद्रात घातली. १९६५ पर्यंत ते तिथे होते. हे थोडं नाही. पण घडा कसा उभा करायचा, सरडा कुठे बसवायचा, हे त्यांनी शिकवलेलं नाही. "शोधलं" म्हटलं की हे दोन्ही एका खात्यात जमा होतं आणि वीस वर्षं मातीत घालवलेली कारागीर एकदम विद्यार्थिनी होते. माझी तक्रार तेवढीच.

आणि वर काडुनाच्या काकांनी सांगितलेल्या घड्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. गावात मडकी उघड्यावर भाजतात. ढीग रचायचा, वर वाळकं गवत-काटक्या, आणि पेटवायचं. त्या आचेत माती सच्छिद्र राहते, पाणी पाझरून बाहेर येतं, त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार होतं. केंद्रातली भट्टी जायची १२८० अंशांच्या आसपास. त्या आचेला गावची माती टिकत नाही, वितळून बसते. म्हणून मातीच वेगळी घ्यावी लागली. तिथे माती काचेसारखी घट्ट होते, वर ग्लेझ, म्हणजे पाझर बंद. आकार पाण्याच्या घड्याचा, पण पाणी गार करायचं काम त्याच्याकडून गेलं. तो दालनात ठेवायची वस्तू झाला. मला तो घडा अतिशय आवडतो, तरी लाडीबाईंनी गावात केलेले, पाणी भरून भरून फुटून गेलेले घडे आपल्याला पाहायला मिळत नाहीत याचं वाईट वाटतं. संग्रहालयांनी जपलं ते मुख्यतः भट्टीतलं काम.

आता ती केनियन मुलगी. मॅग्डालीन ओडुंडो. जन्म १९५० चा, नैरोबीचा. लहानपणी काही काळ शाळा आपल्या दिल्लीत, मग केनियात. १९७१ मध्ये इंग्लंडला गेली ती जाहिरातीच्या चित्रकलेचं शिक्षण घेऊन. तिथे मातीचा नाद लागला, आणि कार्ड्यूंनीच तिला सांगितलं की अबुजाला जा. (बघा अभिजीत, हेही श्रेय त्यांचंच.) १९७४ मध्ये ती अबुजाला पोचली आणि लाडीबाई आणि तिथल्याच दुसऱ्या कुंभारीण कैंडे उशाफा यांच्याजवळ राहून हाताने घडवायला शिकली. इंग्लंडमध्ये शिकणारी आफ्रिकन मुलगी आफ्रिकन पद्धत शिकायला आफ्रिकेत परत आली, तीही पुस्तकातून नाही, त्या बायकांच्या शेजारी उभी राहून.

आज ओडुंडोबाईंची भांडी जगभरच्या संग्रहालयांत आहेत. ग्लेझ अजिबात नाही. गोळ्यातून माती वर ओढायची तीच ग्वारी सुरुवात, मग वळ्या, मग अतिशय बारीक मातीचा पातळ लेप आणि तासन्‌तास घोटाई. पहिल्या भाजणीत नारिंगी-लाल. काळं हवं असेल तर पुन्हा भाजायचं, या वेळी भट्टीत हवा कोंडून. मान लांब, पोट फुगीर, काठ एका बाजूला कललेला, जणू कुणी बाई वळून बघतेय. आणि शिकवणं? १९९७ पासून २०१४ पर्यंत त्यांनी फार्नहॅमच्या कलामहाविद्यालयात शिकवलं, २००१ मध्ये मातीकामाच्या प्राध्यापक झाल्या, २०१८ मध्ये ते महाविद्यालय पुढे ज्यात विलीन झालं त्या विद्यापीठाच्या कुलपती, आणि २०२० मध्ये त्यांना 'डेम' हा किताब मिळाला. लाडीबाईंनी १९६१ मध्ये प्रात्यक्षिक दिलं होतं ते याच फार्नहॅम गावात. तिथे ज्या कला-विद्यार्थ्यांनी त्या दिवशी पाहिलं असेल त्यांना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनात बरेचदा येतो. वाकलेली एक बाई, घड्याभोवती उलटी चालतेय, भाषेचा एकही शब्द सामाईक नाही, आणि तरी धडा पूर्ण.

कुंभारवाडा_पंढरपूर

ताई, आमचं घरच कुंभाराचं. आमच्यात बाई चाकावर बसत नाही, पूर्वीपासूनची रीत. पण माती चाळणं, तुडवणं, मळणं, सुगडं रंगवणं, आवा (मडकी भाजायची भट्टी) रचायला हात लावणं, बाजारात बसणं, सगळं आई-आजीने केलं. आजीला मडक्याच्या नुसत्या टिचकीवरून कळायचं कुठलं कच्चं राहिलंय. तिला कुणी कुंभार म्हटलं नाही, कुंभाराची बायको म्हणायचे. तुमचं वाचून आज आईला त्या नोटेचा फोटो दाखवला. ती म्हणाली, "हिला चाक नको होतं म्हणजे हिच्या हातातच होतं."

एक विचारतो. आम्ही मोठा रांजण चाकावरून उतरवून थापटण्याने ठोकून वाढवतो. आतून दगडी गोळा, बाहेरून लाकूड. ठोकल्याने माती दबते, भेग जात नाही. वळ्या लावलेल्या घड्याला सांध्यात चीर का पडत नाही?

मृण्मयी_पुणे

दादा, आईंना माझा नमस्कार सांगा. हे वाक्य मी माझ्या स्टुडिओत लिहून ठेवणार आहे.

चिरेचं म्हणाल तर, वळी नुसती एकावर एक ठेवली तर चीर पडतेच. ग्वारी बायका वळी आतून लावतात आणि अंगठ्याने खालच्या मातीत खोल दाबून मग बोटांनी वर ओढतात, म्हणजे सांधा आडवा न राहता तिरका होतो आणि दोन्ही माती एकमेकींत शिरतात. वर खरवडणं दोन्ही बाजूंनी. खरवडण्याने भिंत पातळ होतेच, शिवाय सांध्यावरची माती दाबली जाते. तुमच्या थापटण्याचं काम तिथे पट्टी करते. आणि घाई नाही. खालचा भाग वरचं वजन पेलण्याइतका आवळेपर्यंत पुढची वळी नाही. अनुभवी बाई म्हणूनच एका वेळी अनेक घडे लावते, एक आवळेपर्यंत दुसऱ्याकडे वळते.

शलाका_कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. मी एका नोटेचं विचारलं आणि केवढं मिळालं. दादा, तुमच्या आईंचं वाक्य वर्गात सांगितलं तर चालेल ना?

आता व्यवहाराचा प्रश्न. चाळीस मुलं, तास पस्तीस मिनिटांचा, शाळेत ना चाक ना भट्टी. लाडीबाईंची पद्धत करून बघता येईल का, की नुसती गोष्ट सांगून थांबू?

मृण्मयी_पुणे

नक्की करा, ही पद्धत शाळेसाठीच आहे म्हणा ना. भाजू नका, वाळवून ठेवा. माती कुंभाराकडून मळलेली घ्या. बाजारातली रंगीत क्ले नको, ती वर ओढली जात नाही. चार-चार मुलांचा गट करा, प्रत्येक गटाला एक जुनी थाळी आणि नारळाएवढा गोळा. थाळी स्टुलावर ठेवा, बाकावर नको, कारण चारही बाजूंनी फिरता आलं पाहिजे. पहिल्या तासाला फक्त खड्डा आणि भिंत ओढणं. वरून ओलं फडकं आणि प्लास्टिक झाकून ठेवलं की दुसऱ्या दिवशी वळ्या. तिसऱ्या तासाला नक्षी, वापरलेल्या रिफिलच्या टोकाने छान कोरता येतं. सरडा-मगरच काढा असं सांगू नका. त्यांच्या परसात, बांधावर, पंचगंगेच्या काठी जे दिसतं ते काढू द्या.

मुलं थाळीच फिरवायला जातील, त्यांना थांबवा. थाळी जागेवर, आपण फिरायचं. एक घडा एकाच मुलाने पूर्ण करायचा हट्ट नको, वळी लावणारा बदलत राहिला तरी चालेल. आणि वाळताना गळ्याकडची बाजू आधी वाळते, तिथे ओलं फडकं गुंडाळा, नाहीतर शनिवार-रविवारच्या सुट्टीत भेगा पडतील.

कुंभारवाडा_पंढरपूर

ताई, आईचं वाक्य खुशाल सांगा. मातीत थोडी चाळलेली राख किंवा घोड्याची लीद मिसळून घ्या म्हणावं कुंभाराला, नवख्या हातांना माती सैल पडते. तिकडच्या कुंभारवाड्यात आमचे पाव्हणे आहेत, निरोपात कळवा, मळलेली माती शाळेत पोचवायची व्यवस्था करतो.